जुना रॉ परत बघितला, मॅनकाइंडवाला

देवगडकर: काल लाईट उशिरा आली, झोप उडालेली, म्हणून WWF कुस्तीचा ४ जानेवारी १९९९ चा रॉ शो परत लावला, मॅनकाइंड पैलवान रॉकला हरवून पहिल्यांदा चॅम्पियन होतो तो. लहानपणी काकांच्या पडवीत बघताना सगळं खरंच वाटायचं, आता सगळं ठरवलेलं असतं हे कळतं, तरी स्टोन कोल्ड पैलवानाच्या एंट्रीला काच फुटल्याचा आवाज झाला आणि अंगावर काटा आला तो आलाच. हे लाईव्ह होतं ना?

रापणवाला: नाय रे बाबा, २९ डिसेंबर १९९८ लाच अमेरिकेत वूस्टरला शूट झालेलं. गंमत म्हणजे त्या रात्री समोरच्या कंपनीच्या नायट्रो या कुस्तीच्या शोवर कॉमेंटेटरने टोमणा मारत निकाल आधीच फोडला आणि झालं उलटंच, लोकांनी पटापट चॅनल बदलून रॉ लावला.

सड्यावरची: रॉकला खुर्ची घातली स्टोन कोल्डने, मॅनकाइंड नुसता रॉकवर पडून जिंकला 😄 तरी मला तोच आवडतो, तो चामड्याचा मास्क, तो हातातला मोजा. आमच्या दादाने माझा खेळायच्या पैलवानांच्या पत्त्यांतला अंडरटेकर ढापलेला, पाच कैऱ्या देऊन सोडवला.

देवगडकर: ताई, पाच कैऱ्यांत अंडरटेकर म्हणजे फुकटच गावला की!