ताकदवान लॅपटॉप घेताना कामगिरीला किती आणि सेवेला किती महत्त्व द्यावे? (मदत हवी आहे)

नमस्कार. व्हिडिओ संपादन आणि त्रिमितीय रेंडरिंगसाठी (म्हणजे संगणकाकडून दृश्याचे अंतिम चित्र तयार करून घेण्यासाठी) मला नवा लॅपटॉप घ्यायचा असून, दोन यंत्रांपाशी येऊन माझा निर्णय अडला आहे.

दोन्हींत आरटीएक्स ४०७० हेच ग्राफिक्स कार्ड आहे. परंतु लॅपटॉपमधील ही चिप ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कोणत्याही वीजमर्यादेवर चालवता येत असल्यामुळे, आणि वीज कमी तर वेगही कमी असल्यामुळे, नुसत्या नावावरून वेगाचा अंदाज बांधणे मला धोक्याचे वाटते. पहिले यंत्र जाडजूड आहे, चिपला पूर्ण वीज देते आणि त्याची रॅम पुढे वाढवता येते. मात्र वॉरंटी एकच वर्षाची असून बिघाड झाल्यास ते सेवा केंद्रात नेऊन द्यावे लागते. दुसऱ्यात वीज कमी आणि रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे पुढे न वाढवता येणारी आहे, पण तीन वर्षे तंत्रज्ञ घरी येऊन दुरुस्ती करतो.

माझ्या जुन्या लॅपटॉपचा पंखा ऐन रेंडर चालू असताना खरखरू लागला, कीबोर्डच्या वरची पट्टी हाताला चटका बसेल इतकी तापली आणि एका पंख्यासाठी यंत्र तीन आठवडे केंद्रात पडून राहिले. हातातले काम त्यामुळे सोडावे लागले, म्हणून या वेळी माझा कल सेवेकडे आहे.

तासभर सलग रेंडर चालल्यावर कमी वॉटचा फरक प्रत्यक्षात किती जाणवतो? घरपोच सेवेत सुटे भाग खरोखर वेळेत मिळतात का, आणि वाढीव वॉरंटीत बॅटरी धरली जाते का? अशी यंत्रे वापरणाऱ्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा.