शब्दचर्चा : ‘जंटलमन्स अग्रीमेंट’ला मराठीत काय म्हणावं?

नाबाद११ :
अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांमधल्या वंशभेदावर दिवाळी अंकासाठी लेख लिहितोय आणि दोन शब्दांशी अडलोय. उत्तरेकडच्या विद्यापीठांचे संघ दक्षिणेतल्या संघांशी खेळायचे तेव्हा आपल्या कृष्णवर्णीय खेळाडूला घरी ठेवायचे. लेखी काही नाही, दोन्हीकडच्या साहेबांचं आधीच ठरलेलं. तिकडे त्याला ‘जंटलमन्स अग्रीमेंट’ म्हणत. ‘सभ्य गृहस्थांचा करार’ कसं वाटतं? आणि गोऱ्यांच्या संघांत कृष्णवर्णीयांना घेणं, म्हणजे ‘इंटिग्रेशन’, त्याला ‘एकात्मीकरण’ चालेल का?

कोरांटी :
‘करार’ नकोच. करार म्हटला की कागद आला, सही आली. सरळ ‘संगनमत’ लिहा. दोघांनी मिळून तिसऱ्याला बाहेर काढायचं ठरवलं की मराठीत हाच शब्द येतो. १९४० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ मिझुरी विद्यापीठाशी खेळायला निघाला, तो आपल्या कृष्णवर्णीय खेळाडूला, लेनर्ड बेट्सला, मागे ठेवून. ‘बेट्स खेळलाच पाहिजे’ म्हणत विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली. बेट्सला नेलं नाहीच, उलट १९४१ मध्ये चळवळीतल्या सात विद्यार्थ्यांना निलंबित केलं. त्याच विद्यापीठाने २००१ मध्ये त्या सातांचा सत्कार केला. आता यात सभ्य काय आणि गृहस्थ कोण?

पाटीपेन्सिल :
बेट्सच्या बाबतीत ‘संगनमत’ चपखल. पण सगळीकडे लावू नका. मिसिसिपीत दोन संघांमध्ये काहीच ठरलेलं नव्हतं. गोऱ्या-काळ्यांच्या मिश्र संघाशी राज्यातल्या संघांनी खेळू नये असा कायदाही नव्हता, होता तो ‘अलिखित दंडक’. त्यापायी मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने १९५९, ६१ आणि ६२ मध्ये विभागीय विजेतेपद मिळवूनही राष्ट्रीय स्पर्धेवर पाणी सोडलं. १९६३ मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष डीन कोल्व्हर्ड यांनी संघ पाठवायचं ठरवलं. विरोधकांनी न्यायालयातून मनाई हुकूम आणला. तो हातात पडण्याआधी कोल्व्हर्ड आणि प्रशिक्षक बेब मॅकार्थी राज्याबाहेर सटकले, राखीव खेळाडूंना विमानतळावर पाठवून कोणी अडवतंय का ते पाहिलं आणि मग मुख्य संघ निघाला. १५ मार्चला मिशिगनमध्ये समोर लोयोला शिकागो विद्यापीठाचा संघ, त्यांच्या सुरुवातीच्या पाचांत चार कृष्णवर्णीय. सामन्याआधी जो डॅन गोल्ड आणि जेरी हार्कनेस या कर्णधारांनी हात मिळवले तेव्हा कॅमेऱ्यांचा असा लखलखाट झाला की हार्कनेसला प्रसंगाचं वजन तिथेच कळलं. लोयोला ६१-५१ ने जिंकली, पुढे अजिंक्यपदही घेतलं.
ज्याला कायद्याचा आधार नाही ते मोडू नये म्हणून न्यायालयात धावायचं! ‘संकेत’ हा शब्द इथे फारच सौम्य पडेल.

कोरांटी :
मान्य. मिसिसिपीला दंडक, बेट्सला संगनमत.

माजघर :
‘एकात्मीकरण’ला माझा विरोध. वाचणाऱ्याला वाटेल, सगळे गुण्यागोविंदाने नांदू लागले. पेरी वॉलेस घ्या. व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून खेळणारा, दक्षिणपूर्व विभागातला पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू. त्याच्याबरोबर आलेला दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू गॉडफ्री डिलार्ड विद्यापीठ सोडून गेला आणि वॉलेस एकटा राहिला. ऑक्सफर्डला (मिसिसिपीतलं, इंग्लंडचं नव्हे) डोळ्यावर मार बसला, प्रेक्षकांना आनंद झाला. मध्यंतरानंतर तो परत येऊन खेळला. १९७० मध्ये आपल्या एकटेपणाबद्दल तो मुलाखतीत उघड बोलला. याला एकात्मता म्हणणार? ‘प्रवेश’ म्हणा, फार तर ‘समावेश’.
जाता जाता : ‘वर्णभेद’ऐवजी तुम्ही ‘वंशभेद’ लिहिलंत ते बरं केलंत. आपल्याकडे वर्ण म्हटलं की चातुर्वर्ण्य डोकावतं.

नाबाद११ :
‘समावेश’ घेतो. मसुद्यातलं एक वाक्य असं : ‘१९७० पर्यंत अलाबामा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात कृष्णवर्णीय नव्हता, सदर्न कॅलिफोर्नियाच्या सॅम कनिंगहॅमने बर्मिंगहॅममध्ये त्यांची धूळधाण केल्यावर पहिला घेतला.’

पाटीपेन्सिल :
ही आख्यायिका आहे, छापू नका. सामना खरा, ४२-२१ हा निकालही खरा. पण विल्बर जॅक्सनला अलाबामाने त्याआधीच शिष्यवृत्ती देऊन घेतलं होतं. तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळता येत नसे, म्हणून तो त्या दिवशी मैदानात नव्हता. आणि प्रत्यक्ष सामन्यात आधी उतरला तो जॉन मिचेल, १९७१ मध्ये. नुसतं ‘पहिला’ लिहिलंत तर दोघांपैकी कोण ते कळणार नाही. ‘शिष्यवृत्ती मिळालेला पहिला’ आणि ‘मैदानात उतरलेला पहिला’ असं फोडून लिहा.