‘मिंगेई’ आणि ‘मिन्ह्वा’ : दोन्हींना ‘लोककला’ म्हणावे काय?

प्रश्न : ‘मिंगेई’ या जपानी शब्दासाठी मराठीत ‘लोककला’ हा शब्द चालेल काय? कोरियन चित्रांसाठी वापरला जाणारा ‘मिन्ह्वा’ हा शब्द त्याच कुळातला आहे काय?

उत्तर : ‘लोककला’ म्हटले की आपल्याला तमाशा, गोंधळ, भारूड आठवते, आणि मिंगेईत तर सादरीकरणाचा संबंधच नाही. विचारवंत यानागी सोएत्सु यांनी कुंभारकाम करणारे कलावंत हामादा शोजी आणि कावाई कान्जिरो यांच्यासह १९२५ मध्ये ‘मिन्शुतेकी कोगेई’, म्हणजे सामान्य जनांची हस्तकला, या पदाचा संक्षेप करून हा शब्द घडवला. अनाम कारागिरांनी रोजच्या वापरासाठी केलेली भांडी, कापड, पेट्या हा त्याचा विषय असल्याने ‘लोककारागिरी’ हा पर्याय मला अधिक नेमका वाटतो.

मात्र या शब्दामागची दृष्टी बऱ्याच अंशी कोरियात घडली, आणि १९१० पासून कोरिया जपानच्या ताब्यात होता. कोरियात राहणारे जपानी शिक्षक आसाकावा नोरिताका यांनी १९१४ मध्ये भेट म्हणून आणलेल्या, जोसन या कोरियन राजघराण्याच्या काळातील चिनी मातीच्या भांड्याने यानागी भारावले. १९१९ चे स्वातंत्र्य आंदोलन चिरडले गेल्यावर त्यांनी कोरियन जनतेविषयी सहानुभूतीने लिहिले. १९२२ मध्ये, जपानी गव्हर्नर-जनरलच्या नव्या इमारतीसाठी सोलचे ग्वांगह्वामुन हे राजद्वार पाडण्याचा बेत असताना, त्याविरुद्ध जाहीर लेख लिहिला. द्वार नष्ट झाले नाही, पण मूळ जागेवरून हलवले गेले. १९२४ मध्ये त्यांनी नोरिताका आणि त्यांचे धाकटे बंधू ताकुमी यांच्यासह ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या आवारात कोरियन लोककलांचे संग्रहालय उघडले, अर्थात वसाहती सरकारच्या संमतीने.

‘मिन्ह्वा’चे कुळ तेच आहे. जोसन काळात वाघ, मासे, कमळे आणि पुस्तकांची फडताळे रंगवणाऱ्या चित्रांना ‘सोक्ह्वा’, म्हणजे सामान्य किंवा हलकी चित्रे, असे म्हटले जाई. यानागींनी अशा चित्रांना ‘मिन्गा’ म्हटले. त्याच चिनी लिपिचिन्हांचा कोरियन उच्चार म्हणजे ‘मिन्ह्वा’, आणि १९४५ मध्ये जपानी सत्ता गेल्यानंतरही तो शब्द कोरियन भाषेत टिकला. नव्या नावाने या चित्रांना मान मिळाला हे खरे, पण ते नाव सत्ताधारी देशातल्या जाणकाराने ठरवले, आणि काही कोरियन अभ्यासकांनी पर्यायी नावे सुचवली त्यामागे ही बोच आहे. कोरियन कलेचे सार ‘हिआई’, म्हणजे विषाद, आहे या यानागींच्या मतावरही तिथे पुढे कठोर टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते, कारण पराभूत देशाच्या दुःखालाच त्याचा स्वभाव ठरवणे हे प्रेमापोटी झाले तरी अन्यायाचेच आहे.

याच वर्तुळातले आसाकावा ताकुमी मला अधिक मोलाचे वाटतात. वनखात्यात नोकरी करणारे हे गृहस्थ कोरियन भाषा शिकले आणि तिथली मातीची भांडी कोणत्या नावाने ओळखली जातात व कशासाठी वापरली जातात याची त्यांनी नोंद केली. ते काम १९३१ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर छापले गेले. त्यांनी कोरियन वस्तूंना नवी नावे दिली नाहीत, असलेली टिपून घेतली.

म्हणून मराठीत लिहिताना ‘मिंगेई’ जपानपुरता ठेवून कंसात ‘लोककारागिरी’ द्यावे, आणि ‘मिन्ह्वा’ला ‘कोरियन लोकचित्रे’ म्हणावे. या काळासाठी ‘कलेची देवाणघेवाण’ हा शब्दप्रयोग मी टाळतो, कारण देवाणघेवाणीत दोन्ही बाजूंना नकार देण्याची मुभा गृहीत असते, आणि कोरियाला ती नव्हती.