मदत हवी आहे: माजी सैनिक संघटनेची तालुका शाखा बंद आहे, सही कोणाची घ्यायची?

सुरूबन (गुरुवार, सकाळी 7:40)
नमस्कार. जरा लवकर उत्तर हवंय. शिमग्याला आलोय, रविवारी चिपळूणहून मांडवी पकडायची आहे, मग थेट गणपतीलाच येणं होईल. आजोबांचा फॉर्म भरायचाय. त्यावर संघटनेच्या सेक्रेटरींची सही लागते. एसटी स्टँडमागे शाखेची खोली आहे, तिला कुलूप. पाटी अर्धी गंजलेली, तिच्यावरचा फोन लागत नाही. जिल्ह्याच्या शाखेची सही चालेल का? की शेजारच्या तालुक्याची? नक्की माहीत असेल त्यांनीच सांगा प्लीज.

काजूगर (8:05)
कुठला फॉर्म? कुठला तालुका? कुठली संघटना? आजोबा कशात होते? धागा काढताना एवढं तरी लिहावं माणसाने.

मालवणी खाजा (8:11)
अरे मेल्या, आदी गाव तरी सांग! आमची शाखा बरी चालू आसा. म्हयन्याक मीटिंग, चाय आणि कांदाभजी. आजोबांका हय घेवन ये.

सुरूबन (8:30)
तालुका गुहागर. फॉर्म म्हणजे तो सैनिकांना पैसे मिळतात तो. आजोबा मिलिटरीत होते. आता सांगा, सही कोणाची?

खलाशी_52 (8:52)
मिलिटरी म्हणजे आर्मी, नेव्ही की एअर फोर्स? किनाऱ्यावरचा माणूस म्हटलं की मी आधी नेव्ही धरतो. नेव्ही असेल तर खलाशांचं रेकॉर्ड मानखुर्दला, चीता कॅम्पात. मुंबईत राहत असाल तर काम सोपं आहे. सकाळी लवकर जा, ओळखपत्राशिवाय गेटवर उभं करत नाहीत. झेरॉक्स आतून काढू म्हणाल तर फसाल, बाहेरूनच दोन-दोन प्रती काढून न्या. मी पहिल्या वेळी तसाच परत आलो होतो.

सुरूबन (9:03)
नेव्ही नाही हो. पलटणीत होते.

माजी नायक (9:47)
सुरूबन, दोन गोष्टींची गल्लत होतेय. संघटना वेगळी, सरकारी कार्यालय वेगळं. संघटनेची शाखा म्हणजे आपण माजी सैनिकांनी वर्गणी काढून चालवलेली मंडळी. सुखदुःखाला जायचं, कोणाचा कागद अडला तर सोबत जायचं. तिची सही कुठल्याही सरकारी अर्जावर बंधनकारक नाही. तुमचं काम रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होणार. आता हे सांगा:

पेन्शन आहे का? भरती कोणत्या साली, सुटले कोणत्या साली? डिस्चार्ज बुक (सैन्यातून सुटताना मिळतं ते सेवेचं पुस्तक) घरात आहे का? सैनिक कल्याणचं ओळखपत्र आहे का? आणि सर्व्हिस नंबर 27ने सुरू होतो का?

घाटमाथा (10:02)
संघटना म्हणजे 15 ऑगस्टला फेटे बांधून पुढच्या खुर्च्या अडवणारे लोक. माझ्या काकांकडून पाच वर्षं वर्गणी घेतली, पुढे अध्यक्ष आणि पावतीपुस्तक दोन्ही गायब. एकाच तालुक्यात तीन-तीन संघटना, तिघांचे तीन लेटरहेड. बंद पडली हे बरंच झालं.

माजी नायक (10:20)
घाटमाथा, तुमच्या काकांचं वाईट वाटलं. पण माझा भाऊ गेला तेव्हा वहिनीचे फॅमिली पेन्शनचे कागद शाखेच्या सेक्रेटरींनी आमच्या ओटीवर बसून स्वतःच्या हाताने लिहिले. चार खेपा रत्नागिरीला केल्या आणि एसटीचं तिकीटसुद्धा घेतलं नाही. सगळे एका माळेचे मणी नसतात.

ट्रस्टबाबा (10:41)
शाखा ताब्यात घ्यायची असेल तर रीतसर मार्ग आहे. संस्था 1860च्या कायद्याखाली नोंदलेली असेल, त्याला सात सभासद पुरतात. शिवाय 1950च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली न्यास म्हणूनही नोंद असेल. कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, त्याला 90 दिवसांची मुदत. बऱ्याच शाखा इथेच मरतात. जुना अध्यक्ष वारलेला, नव्याची नोंद नाही, बँक खातं गोठलेलं. आधी परिशिष्ट 1चा उतारा, म्हणजे न्यासाच्या नोंदीची नक्कल, काढा.

सुरूबन (10:44)
मला शाखा ताब्यात नाही घ्यायची!! सही हवी होती.

पुराणवस्तू (11:15)
विषयाला धरून थोडं अवांतर. कोकणात पेन्शनीत निघालेल्या सैनिकांनी एकत्र येणं जुनंच आहे. दापोली हा लष्करी कॅम्पच होता. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्त झाल्यावर तिथेच राहिले होते. आणि महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर, तेही पलटणीतून निवृत्त झालेले, त्यांनी दापोलीत 'अनार्य दोष परिहारक मंडळी' काढली. इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज लिहिला. पत्रव्यवहार करणारी माजी सैनिकांची शाखाच म्हणा ना.

मालवणी खाजा (11:22)
बरा सांगितलात. पण त्या पोराची गाडी चुकतली.

काजूगर (11:30)
सैनिक म्हटलं की महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे. नावातच फौज. बाकी सगळे नंतर.

खलाशी_52 (11:34)
का हो, आमच्या बंदरांवरच्या गावांतून नेव्हीत कोणी गेलंच नाही का?

सुरूबन (दुपारी 1:10)
माजी नायक, ट्रंक उघडली. 1966ला भरती, 1976ला घरी. पेन्शन नाही. 71च्या लढाईत जमालपूरला (आताच्या बांगलादेशात) होते, एवढं नेहमी सांगतात. डिस्चार्ज बुक मिळालं, काळ्या रेक्झिनचं कव्हर शाबूत पण आतली पानं वाळवीने जाळीदार केलीत. पहिलं पान आणि दोन शिक्के लागतात. ओळखपत्र म्हणून जे दाखवतात ते पिवळं कार्ड आहे, 1998चं, आत 51 रुपयांची पावती स्टेपल केलेली. ते संघटनेचंच निघालं. म्हणजे सरकारी कार्ड कधी काढलंच नाही?? नंबर मात्र तोंडपाठ. काल रात्री काय जेवले ते आठवत नाही, नंबर विचारला की पाठ ताठ करून खाडखाड सांगतात. 27नेच सुरू होतो. पुढचे आकडे असे—
[आकडे संपादकांनी काढले आहेत. सर्व्हिस नंबर जाहीर टाकू नये.]

माजी नायक (1:38)
27 म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री. रेकॉर्ड बेळगावला. 1 मराठा असणार, जमालपूर त्यांचंच. आता नीट वाचा.

पहिलं, सैनिक कल्याणचं ओळखपत्र काढा. त्याशिवाय पुढचं काही हलत नाही. डिस्चार्ज बुक आहे तसं न्या. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको.

दुसरं, तुम्ही म्हणता ते पैसे म्हणजे केंद्रीय सैनिक बोर्डाचं अनुदान असावं. पेन्शन नसलेले, 65च्या वरचे, हवालदार किंवा खालच्या हुद्द्याचे, नियमित उत्पन्न नसलेले. पूर्वी महिना 4000 होतं, नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना 8000. अर्ज ऑनलाइन, शिफारस जिल्हा कार्यालयाची.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. दहा वर्षांत घरी आले म्हणून पेन्शन नाही असं आपलं आपण ठरवू नका. त्या काळात काही वर्षं कलर सर्व्हिस (प्रत्यक्ष पलटणीत) आणि उरलेली रिझर्व्ह (घरी, पण बोलावलं की हजर) अशी अट असायची. दोन्ही मिळून 15 भरली तर रिझर्व्हिस्ट पेन्शन बसते. डिस्चार्ज बुकात रिझर्व्हला पाठवल्याचा शेरा आहे का, ते आधी बघा.

घाटमाथा (1:50)
आणि घरपट्टी माफ होते हे कोणी सांगतच नाही. बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना, 2020ची. ग्रामपंचायतीत विचारा. (संघटनेने आमच्या काकांना हेसुद्धा सांगितलं नव्हतं.)

कोरा चहा (2:05)
कॅन्टीन कार्डवर महिन्याला किती बाटल्या मिळतात हल्ली?

काजूगर (2:06)
आलाच हा.

सुरूबन (2:31)
शेरा आहे बहुतेक. शिक्क्याखाली इंग्रजी 'ट्रान्स' दिसतंय, पुढचं वाळवीने खाल्लंय. पण आजोबा रत्नागिरीला यायला तयार नाहीत. म्हणतात सेक्रेटरीची चिठ्ठी नसेल तर साहेब खुर्चीसुद्धा देत नाही. 98 साली म्हणे असंच झालं होतं. तिघांनी समजावलं, ऐकत नाहीत.

माजी नायक (2:44)
चिठ्ठीची गोष्ट तेव्हा खरी असेलही. त्यांना सांगा, एका नायकाने फोनवर बोलावलंय. व्यनि (खासगी निरोप) करतो, नंबर घ्या आणि मला त्यांच्याशी बोलू द्या.

खलाशी_52 (2:50)
चिपळूणवरून वळसा घालू नका. तवसाळला फेरीबोट पकडा, जयगडला उतरा. उद्या शुक्रवार, उद्याच जा. शनिवारी कार्यालय बंद.

ट्रस्टबाबा (3:15)
परिशिष्ट 1चं बघितलंत का?

सुरूबन (शुक्रवार, रात्री 9:55)
जाऊन आलो. काल नायकसाहेबांनी फोनवर आधी नंबर विचारला, मग कंपनी विचारली, आणि पाच मिनिटांत आजोबा आजीला इस्त्रीचा शर्ट काढायला सांगत होते. बोटीत गाडीत बसायला तयार नाहीत, कठड्याला धरून उभे.

कार्यालयात खुर्ची मिळाली. ओळखपत्राचा अर्ज घेतला. डिस्चार्ज बुकाचं पान भिंगाखाली धरून तिथल्या बाईंनी वाचलं, रिझर्व्हचाच शेरा आहे, पण पुढची तारीख गेलीय. आता बेळगावला पत्र जाईल. तिकडून सेवेचा तपशील आला की रिझर्व्हिस्ट पेन्शन की अनुदान ते ठरेल. दोन्ही मिळणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं. सही कोणाचीच लागली नाही. माझा अख्खा गुरुवार फुकट गेला.

बाकावर लांज्याचे एक आजोबा बसले होते, तेही 27वाले. पहिले काही मिनिटं दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते. मग त्यांनी आमच्या आजोबांना विचारलं, "कंपनी कुठली?" त्यानंतर मी दोनदा "बोट चुकेल" म्हणालो, कोणी ऐकलं नाही. जयगडला पोचेपर्यंत शेवटची बोट गेलेली, चिपळूणवरूनच वळसा घालावा लागला. खलाशीकाका, माफ करा.

आता नवीन भानगड. दोघांनी ठरवलंय की गुहागरची शाखा पुन्हा उघडायची, लांज्याचे महिन्यातून एकदा येणार. ट्रस्टबाबा, तो उतारा कुठे मिळतो ते पुन्हा एकदा लिहा. आणि एसटी स्टँडमागच्या त्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे, कोणाला माहीत आहे का? मी रविवारी निघतोय.