गावागणिक पान काढा म्हणे!

डिचोलकर: काल इथे एकाने गोव्यातल्या होमस्टेवाल्यांना वेबसाइटबद्दल सल्ला दिला: कळंगुट, बागा, हणजूण, मांद्रे, प्रत्येक गावाचं वेगळं पान काढा, मजकूर तोच, फक्त नाव बदला, गूगलवर वर याल. वाचून डोकं फिरलं. असल्या पानांना गूगल डोअरवे पेज म्हणतं आणि स्पॅममध्ये धरतं. मार्च २०१५ मध्येच त्यांनी त्यावर कडक होत असल्याचं जाहीर केलं होतं. आधी कागदावर रचना मांडा: होमपेज, खाली खोल्या, कसं पोचायचं, आसपास काय बघायचं. ज्या पानाकडे साइटवरच्या दुसऱ्या एकाही पानावरून लिंक नाही, ते नुसतं साइटमॅपमध्ये, म्हणजे गूगलला द्यायच्या पानांच्या यादीत, घालून वर येत नाही.

मोरजीवाला: सल्ला माझाच. तुम्ही होमस्टे चालवता का? मी चालवतो. पाहुणा फोनवर विचारतो, मोरजीला कासवं अंडी घालतात ती जागा तुमच्यापासून किती लांब? हे 'आसपास'च्या एका ओळीत कोंबू?

डिचोलकर: कासवांवर नीट लिहिलं असेल, हंगाम, किनाऱ्यावरचे निर्बंध, तर ते पान हवंच. भांडण मांद्र्याच्या पानाशी आहे. तिथे तुम्ही मोरजीचाच मजकूर चिकटवलाय, खाली फोटोसुद्धा तोच.

फोंडेकर: गावं राहू द्या, मराठी पान कुणाकडे आहे? मंगेशी-म्हार्दोळला येणारी निम्मी गर्दी सांगली-कोल्हापूरची. आमच्याकडे उतरणारे मराठीत शोधून येतात आणि समोर इंग्रजी पान. मराठीचा वेगळा फोल्डर करा, एचरेफ्लँग लावा, म्हणजे कुठलं पान कुठल्या भाषेसाठी हे गूगलला सांगणारा टॅग.

काणकोणची: आणि कोंकणी? १९८७ च्या कायद्याने गोव्याची राजभाषा कोंकणी आहे.

फोंडेकर: त्याच कायद्यात मराठीच्या वापराचीही तरतूद आहे, तेवढी बरी विसरता!

डिचोलकर: बाबांनो, एचरेफ्लँगला दोन अक्षरी भाषा-कोड लागतो. मराठीचा आहे, एमआर. कोंकणीला दोन अक्षरी कोडच नाही, तीन अक्षरी आहे.

काणकोणची: म्हणजे कोड नाही म्हणून आम्ही लिहायचंच नाही? शाळेपासून हेच ऐकतेय, कोंकणीत अमुक नाही, तमुक नाही.

डिचोलकर: असं म्हटलंच नाही मी. पानाची भाषा गूगल दिसणाऱ्या मजकुरावरून ओळखतं, टॅगवरून नाही. कोंकणी पान बेलाशक काढा, मेनूतून लिंक द्या. फक्त मेनू इंग्रजी नि मजकूर कोंकणी अशी खिचडी नको.

फोंडेकर: हे मान्य. पण मराठीचं काम आधी. गिऱ्हाईक तिथे आहे.

काणकोणची: गिऱ्हाईक दिसत नाही, कारण त्याच्यासाठी कुणी लिहिलेलंच नाही.

मोरजीवाला: तुमचं चालू द्या. मांद्र्याचं पान ३०१ (कायमचं वळवण्याचा कोड) लावून मोरजीकडे वळवतो, तेवढं पटलं. हणजूणचं मात्र हलवणार नाही. बुधवारच्या बाजाराची सगळी माहिती मी स्वतः फिरून लिहिलीय.

डिचोलकर: मग ते ठेवाच. होमपेजवरून लिंक द्या, आज ती नाहीये.