मदत हवी आहे: नळाचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत पडतं, सॉफ्टनर घ्यावा का? (नाशिक)

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो, 44 फ्लॅटची सोसायटी आहे. येत्या रविवारी मीटिंग आहे आणि त्यात अख्ख्या बिल्डिंगला एक मोठा सॉफ्टनर (जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेलं पाणी मऊ करणारं यंत्र) बसवायचा ठराव येणारे, प्रत्येक घरामागे बऱ्यापैकी पैसे काढावे लागणारेत, म्हणून त्याआधी इथल्या जाणकारांना विचारतेय. लांबण लागणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

माझं माहेर चिपळूणचं. तिकडे अंघोळीला साबण लावला की हाताचा सुटता सुटत नाही, इतकं मऊ पाणी. इथे लग्न होऊन आले तर साबण नुसता घासत बसायचं, फेसच नाही, वर बादलीच्या कडेला राखाडी साका चिकटतो. सासूबाई म्हणतात तूरडाळ गळत नाही, आणि खरंच नाही गळत, पाच शिट्ट्या काढल्या तरी वरणात दाणा वेगळा आणि पाणी वेगळं. स्टीलचे पेले धुऊन पालथे घातले की वाळल्यावर तळाशी पांढरी वर्तुळं. गेल्या महिन्यात गिझर बंद पडला म्हणून प्लंबरदादांना बोलावलं, त्यांनी कॉइल बाहेर काढली तर ती दिसतच नव्हती, वर करंगळीएवढा जाड पांढरा थर, खरवडला तर अंड्याच्या कवचासारखे पापुद्रे पडले. मी एका तुकड्यावर लिंबू पिळलं, लगेच फसफसलं. म्हणजे चुनाच तो, कॅल्शियम कार्बोनेट.

आता आमच्याकडे पाणी येतं कसं ते सांगते. महापालिकेचं पाणी सकाळी सुटतं, दीड-दोन तास. ते 44 घरांना पुरत नाही म्हणून वॉचमन दुपारी बोअरची मोटर लावतो, आणि बिल्डरने खाली एकच टाकी बांधून दिल्यामुळे दोन्ही पाणी त्यातच पडतं आणि तेच वर चढतं. नवऱ्याने टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचा मीटर आणलाय, त्यावर गेटजवळच्या नळाचं पाणी (हा नळ थेट महापालिकेच्या लाईनवर आहे) 120 दाखवतं, बोअरचं 890 आणि घरातल्या नळाचं 540. गणित केलं तर घरात येणाऱ्या पाण्यात निम्म्याहून थोडं जास्त बोअरचंच आहे.

मीटिंगमध्ये मात्र सगळे 540 हाच आकडा धरून बसलेत. कोणी म्हणतं याने मुतखडा होतो, कोणी म्हणतं घरोघरी आरओ घ्या. माझे तीन प्रश्न आहेत. 1) टीडीएस 540 म्हणजे पाणी जड आहे असंच ना? 2) सासऱ्यांना बीपी आहे, जेवणात मीठ कमी केलंय, त्यांना सॉफ्टनरचं पाणी चालेल का? 3) यापेक्षा स्वस्तातला काही उपाय आहे का?

भर, मंगळवार:
इतक्या लवकर इतके प्रतिसाद आले, खूप खूप आभार. जे समजलं ते लिहिते, चुकलं तर सांगा. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम किती हे त्याला कळत नाही. मीठ घातलेलं पाणीही 540 दाखवेल आणि त्याने गिझर चुनखडत नाही. जडपणा (शाळेच्या पुस्तकातलं ‘दुष्फेन पाणी’ ते हेच) लॅबमध्येच मोजावा लागतो. ज्या काकांनी हे समजावलं त्यांनीच सांगितलं की आपला सगळा भाग काळ्या खडकाचा, बोअरचं पाणी त्या बेसाल्टच्या भेगांमधून वर्षानुवर्षं झिरपत येतं आणि वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियम घेत येतं. गंगापूर, मुकणे ही धरणं त्र्यंबक-इगतपुरीकडच्या पावसावर भरतात, त्या पाण्याला खडकात मुरायला वेळच मिळत नाही, म्हणून ते मऊ. म्हणजे आमच्या दारात चांगलं पाणी येतं आणि आम्हीच ते टाकीत बिघडवतो, हे वाचून मला फार वाईट वाटलं.

मुतखड्याचं एका डॉक्टर ताईंनी स्पष्ट केलं, जड पाण्यानेच खडे होतात असं सिद्ध झालेलं नाही, पाणी कमी पिणं हे त्याहून मोठं कारण. आणि सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतो, लिटरमागे 100 मिलीग्रॅम जडपणा काढला की साधारण 46 मिलीग्रॅम सोडियम येतं. म्हणजे सासऱ्यांना ते प्यायला नकोच. शिवाय सॉफ्टनरमधलं रेझिन (कॅल्शियम धरून ठेवणारे दाणे) मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं, ते खारं पाणी कुठे सोडणार हाही प्रश्नच आहे, बागेत सोडलं तर झाडं जातील.

ताईंनी अजून एक सांगितलं, की जडपणापेक्षा आधी क्लोरीन (जंतू मारायला पाण्यात घालतात ते) बघा, ते तपासायच्या औषधाची बाटली मिळते, थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. आज सकाळी करून बघितलं. गेटवरच्या नळाचं पाणी छान पिवळं झालं. घरातल्या नळाचं ढिम्म, तसंच पांढरं. दोन्ही ग्लास शेजारी ठेवून सासूबाईंना दाखवले, त्यांनी लगेच पिण्याचं पाणी उकळायला ठेवलं.

भर, शनिवार:
लॅबचा रिपोर्ट आला. जडपणा लिटरमागे मिलीग्रॅममध्ये, महापालिकेचं 80, बोअरचं 460, टाकीतलं 290. भारतीय मानकात (आयएस 10500) 200 पर्यंत चांगलं आणि दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालतं. नायट्रेट, फ्लोराइड दोन्ही मर्यादेत निघालं, जिवात जीव आला. म्हणजे हे पाणी विषारी वगैरे नाही, गिझरला आणि डाळीला त्रासाचं आहे. पण त्याच मानकात क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत लिटरमागे किमान 0.2 मिलीग्रॅम राहिलं पाहिजे असं आहे आणि आमच्याकडे ते अजिबात उरत नाही, कारण बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतंच, शिवाय महापालिकेच्या पाण्यातलं थोडं असतं ते टाकीत संपून जातं. 540 वरून भांडणारे लोक याबद्दल एक शब्द बोलत नाहीत, मला त्याचीच जास्त काळजी वाटतेय.

काल प्लंबरदादांबरोबर गच्चीवर गेले. टाकीत मधे भिंत आहे, फ्लशची लाईन एका कप्प्यातून उतरते आणि किचन-बाथरूमची दुसऱ्या! पण खालून चढणारा पाईप एकच, आणि दोन्ही कप्प्यांना जोडणारा व्हॉल्व्ह पहिल्यापासून उघडा. तो व्हॉल्व्ह बंद केला आणि बोअरला स्वतंत्र पाईप टाकून फ्लशच्या कप्प्यात नेला, तर काय होईल? नियमाप्रमाणे माणशी 135 लिटरपैकी 45 लिटर फ्लशला धरतात, म्हणजे तिसरा हिस्सा. तेवढं पूर्ण बोअरवर गेलं तर उरलेल्या पाण्यात महापालिकेच्या पाण्याचा वाटा दोन तृतीयांशाच्या वर जातो आणि माझ्या हिशोबाने जडपणा 290 वरून 200 च्या आसपास येतो. गाड्या धुणं आणि बागही बोअरवर टाकली तर अजून खाली. पाईप आणि प्लंबिंगचा खर्च दादांनी जो सांगितला तो सॉफ्टनरच्या कोटेशनच्या सहाव्या हिश्शाएवढा आहे.

आरओबद्दल पण मीटिंगमध्ये बोलणार आहे. 2019 मध्ये हरित लवादाने टीडीएस 500 च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी आणायला सांगितलं होतं, पाणी वाया जातं म्हणून. पाईपच्या या बदलानंतर आमचा टीडीएसचा आकडा 370 च्या आत येईल. प्यायला रोज सकाळी गेटच्या नळावरून एक कळशी आणली तरी प्रश्न मिटतो, वरच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना आमच्याकडची पोरं आणून देतील.

आता एवढंच सांगा, उद्या अकराच्या आत. असं दोन पाण्याचं काम कोणी नाशिकमध्ये आपल्या सोसायटीत केलंय का, आणि नंतर टाकीत क्लोरीन कसं राखता? थोडं बोअरचं पाणी किचनच्या कप्प्यात मिसळावंच लागणार, मग वॉचमनने रोज मोजून क्लोरीनचं द्रावण टाकायचं की त्याला छोटा डोसिंग पंप (ठरलेलं प्रमाण आपोआप सोडणारा) मिळतो? आणि बंद व्हॉल्व्ह कोणी परत उघडू नये म्हणून काय करता, कुलूप की सरळ पाईप कापून टोकाला टोपी?