घरातल्या घरात बाग: काहीही विकत न आणता काय करता येईल?

बरणीवाली
मंडळी, सल्ला हवाय. सहा रिकाम्या काचेच्या बरण्या, कान तुटलेली एक किटली आणि सुट्टी लागलेला नऊ वर्षांचा मुलगा, एवढं भांडवल आहे. बाल्कनी नाही. खिडकी एकच, तिच्यात सकाळी जेमतेम तासभर ऊन, मग नुसता उजेड. कुंडीत रोप लावून रोज पाणी घाला, हे नको. दोन दिवसांत त्याचा उत्साह मावळतो. काहीतरी घडताना दिसलं पाहिजे. बजेट शून्य. म्हणजे खरंच शून्य. माती आणि एखादी फांदी शेजारून मिळेल.

काचघर
डोळे झाकून बंद टेरेरियम कर, म्हणजे झाकणबंद काचेच्या बाटलीतली छोटीशी बाग. ही कल्पनाच मुळी अपघाताने सुचलेली. १८२९ च्या सुमारास लंडनच्या डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांनी पतंगाचा कोष बघायला बंद बाटलीत ठेवला आणि आतल्या ओल्या मातीत नेचा उगवला. माझं टेरेरियम चार वर्षांचं आहे, झाकण दोनदाच उघडलंय. तू वीस लिटरची बाटली घे, लहान घेऊन पस्तावशील. तळाला खडे, वर कोळसा, मग माती, शेवाळ. आणि एक चांगला ग्रो लाइट, झाडं वाढवायचा दिवा.

बरणीवाली
दादा, शून्यात ग्रो लाइट कसा बसवू?

काचघर
एकदाच घ्यायचा असतो.

पाणकळा
खडे कशाला? खड्यांनी निचरा होतो हा जुना गैरसमज. मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरतच नाही. माती आधी पूर्ण भिजते, मग कुठे टपकायला लागतं. म्हणजे ओला थर उलट मुळांच्या जवळ सरकतो.

काचघर
ते भोक असलेल्या कुंडीत. बरणीला भोक नाही, जास्तीचं पाणी जाणार कुठे?

पाणकळा
जास्तीचं घालायचंच कशाला मुळात?

आळशीमाळी
तुम्हा दोघांचं चालू द्या. बरणीवाली, टेरेरियम करशील तर त्यात सक्युलंट, म्हणजे जाड रसाळ पानांची झाडं, घालू नकोस. मी हौसेने तीन लावले, झाकण घट्ट लावलं. आठव्या दिवशी पानं काचेसारखी पारदर्शक झाली आणि बोट लावताच गळून पडली. वास वेगळाच. आणि बरणी थेट उन्हात ठेवू नकोस, आतलं सगळं शिजतं. हेही अनुभवानेच.

हिरवटकाका
अहो, इतकं सोपं असताना कशाला हा खटाटोप? मनी प्लांट पाण्यात लावा. फक्त फांदीला पेर हवं, जिथे पान फुटतं ती गाठ. तिथे तपकिरी टोचा दिसतो, तेच पुढचं मूळ. पेराच्या खाली बोटभर सोडून कापा, पेर पाण्यात बुडवा, पान बाहेर. नुसतं पान ठेवलं तर मुळं फुटतीलही कदाचित, पण वेल येणार नाही. आमच्याकडे चौदा बाटल्या आहेत. शिवाय घरातली हवा शुद्ध होते, नासाने सिद्ध केलंय.

पाणकळा
काका, नासाचा तो अभ्यास १९८९ चा आणि बंदिस्त पेटीतला. २०१९ मध्ये आधीच्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. खिडकी-दारातून हवा खेळते तेवढं काम झाडांकडून हवं असेल, तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. चौदा बाटल्यांनी काय होतंय?

हिरवटकाका
मला तरी फरक जाणवतो.

मनीची_आई
मनी प्लांट मांजराने खाल्ला तर तोंडाची आग होते, लाळ गळते. जपून.

बरणीवाली
ताई, आमच्याकडे मांजर नाही.

मनीची_आई
पुढे आणलंत तर.

तिरपंपान
स्नेक प्लांटचं पान कापून लावा, वेळ लागतो पण मजा येते. मी पानाचे चार-चार बोटांचे तुकडे केले आणि सगळे टेबलावर पसरले. खूण करायची राहिली. कुठली बाजू खालची, देव जाणे. उलटे लागलेल्यांना मुळं फुटलीच नाहीत. जे जगले त्यांची पिलं नुसती हिरवी, मूळ पानाची पिवळी कड गायब. पिवळी कड हवी तर बुंध्यातूनच झाड वेगळं करावं लागतं, हे नंतर कळलं. माझं आवडतं पान होतं हो ते.

तरंगतीमुळं
मातीच नको. क्रॅटकी पद्धत करा. पंप नाही, वीज नाही. रोप झाकणात अडकवायचं, मुळं खतपाण्यात. पाणी जसं उतरेल तशी मुळांना वर हवा मिळते. म्हणून मध्येच काठोकाठ भरायचं नाही. बरणीला काळा कागद गुंडाळा, उजेड लागला की शेवाळ धरतं. खताचा संच आणि पीएच मीटर (पाण्याची आम्लता मोजायला) घ्यावा लागेल, तेवढं बजेट वाढवा.

आळशीमाळी
काळा कागद गुंडाळला की पोरगा बघणार काय? कागद?

नवीसभासद
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. मनी प्लांट पाण्यात लावा, पण फांदीला पेर हवं.

हिरवटकाका
धन्यवाद.

आळशीमाळी
किटलीत झाड लावणार असशील तर वातीने पाणी दे. दोरीचं एक टोक मातीत, दुसरं खालच्या बरणीतल्या पाण्यात. सुती दोरी काही महिन्यांत कुजते. नायलॉनची घे, जुन्या बुटाची नाडीसुद्धा चालेल बहुतेक. आधी पाण्यात बुडवून बघ, ओल वर चढते का.

बरणीवाली
सगळ्यांचे आभार. यातलं काहीच केलं नाही. टोपलीत तळाशी एक रताळं विसरलं होतं, त्याला जांभळे कोंब आलेले. चिरंजीवांनी त्याला चार टूथपिक टोचून बरणीच्या तोंडावर बसवलं, अर्धं पाण्यात, कोंबांची बाजू वर. दर दोन दिवसांनी पाणी तोच बदलतो. आज नववा दिवस. खाली पांढऱ्या मुळांची दाढी आलीये आणि सगळ्यात उंच कोंब पट्टीने अकरा सेंटीमीटर भरला. सकाळी उठल्यावर दात घासायच्या आधी पट्टी लागते.

बुटाची नाडी चालते. किटलीत आमच्या शेजारणीचा पुदिना आहे.

काचघर
रताळ्याचं पाणी वास मारेल. टेरेरियमच करायला हवं होतं.

पाणकळा
खडे न घालता.